होडीची प्रिंट नको, होडी काढू द्या
कोकण किनाऱ्यावरच्या पहिलीच्या वर्गशिक्षकांना खुलं पत्र

बाई, गुरुजी,

सप्रेम नमस्कार.

मी देवगड तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या वाडीत राहते. थोरला मुलगा यंदा तिसरीत गेला, धाकटी मुलगी जूनमध्ये पहिलीत बसली. मुलांचे बाबा ट्रॉलरवर खलाशी आहेत. मी बारावी शिकलेय, बचत गटाचा हिशेब लिहिते, पावसात लावणीला जाते. घरात सासूबाई आहेत, त्यांना लिहिता-वाचता येत नाही. एवढं घरचं आधी सांगितलं, कारण घर कसं आहे हे ठाऊक असल्याशिवाय घराकडून काय मागायचं ते ठरवता येत नाही. माझं सगळं म्हणणं त्याबद्दलच आहे.

मुलगा पहिलीत होता तेव्हाची गोष्ट. एका रात्री नऊ वाजता वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. आमच्या वाडीत रेंज येत नाही, सड्यावर गेलं की मोबाईल एकदम वाजायला लागतो, त्यामुळे तो मला दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाला. ‘वाहतुकीची साधने’ असा तक्ता करायचा होता. रंगीत प्रिंट काढून चिकटवायच्या, हाताने काढलेली चित्रं चालणार नाहीत, उद्यापर्यंत आणायचं. मी शेतातलं काम टाकलं, एसटीने देवगडला गेले, झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभी राहिले. बस, रेल्वे, विमान आणि होडी अशा चार प्रिंट घेतल्या. होडी म्हणून दुकानदाराने जे काढून दिलं ते पांढऱ्या शिडाचं कुठलंतरी परदेशी जहाज होतं. घरी आल्यावर मुलाने ते हातात धरलं, उलटसुलट केलं आणि म्हणाला, “ही आमची न्हय.”

त्याने आपली होडी आदल्याच आठवड्यात काढली होती, माझ्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर. ते पान मी अजून जपून ठेवलंय. ट्रॉलर आहे, मागे जाळ्याचा ढीग आहे, वर दोन झेंडे आहेत. केबिनच्या खिडकीत एक गोल डोकं, ते त्याचे बाबा. पुढच्या टोकाला होडीचा नंबर लिहिलाय, सगळे आकडे बरोबर, फक्त ५ उलटा. त्याला तोवर वर्गात तेवढे आकडे शिकवलेही नव्हते. रोज बंदरावर बघून बघून त्याने ते पाठ केले होते. तक्त्यावर प्रिंट गेली आणि हे पान घरी राहिलं.

त्या शाळेचं नाव मी घेणार नाही. त्याच बाईंनी माझ्या मुलाला वाचायला शिकवलं, ते मी जन्मभर विसरणार नाही. पण ज्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे बाप समुद्रावर जातात त्या वर्गात होडीची रंगीत प्रिंट मागितली गेली, हे माझ्या मनातून जात नाही. आमच्या घरात प्रिंटर नाही. होडी आहे, होडीची अख्खी माहिती सांगणारा माणूस आहे आणि होडी काढणारं पोर आहे. आमच्याकडे जे नाही ते मागितलं गेलं, आणि जे भरपूर आहे त्याची कुणी चौकशीसुद्धा केली नाही.

घरचा अभ्यास म्हणजे पान भरून आणणं, असं आता धरूनच चाललं जातं. ‘म’ दोन पानं, एक ते पन्नास तीन वेळा. सहा वर्षांचं पोर दिवसभर शाळेत बसून, पावसातून चालत घरी येतं. ओले कपडे बदलून, काहीतरी पोटात ढकलून पुन्हा वही काढून बसतं तेव्हा पाचव्या ओळीला त्याचं अक्षर घसरतं आणि सातव्या ओळीला डोळे मिटतात. खोटं कशाला सांगू, मी स्वतः डाव्या हाताने लिहून त्याचं पान पुरं केलंय, पोराचं अक्षर वाटावं म्हणून. एकदा नव्हे, पाच-सहा वेळा. आमच्या वाडीतल्या बहुतेक आयांनी हे केलंय. त्यातून पोर काय शिकलं? आपलं काम आई करते, हे शिकलं.

केंद्र सरकारचं २०२० चं स्कूल बॅग धोरण आपल्याला माहीत असेलच. दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच धोरणात दुसरीपर्यंतच्या मुलांना गृहपाठ देऊच नये, असंही म्हटलंय. आणि त्यापुढे जे लिहिलंय ते मला फार आवडलं: इतकी लहान मुलं इतका वेळ बसून लिहू शकत नाहीत, त्यापेक्षा काल संध्याकाळी घरी काय केलं, कोणते खेळ खेळलो, काय जेवलो, हे त्यांना वर्गात बोलू द्यावं. म्हणजे घरून वर्गात यायला हवी ती गोष्ट. वही त्यानंतरची.

आपल्यावर ताण आहे हे मी जाणते. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी गणितं यावीत, हे केंद्र सरकारच्या निपुण भारत मोहिमेचं उद्दिष्ट जुलै २०२१ मध्ये जाहीर झालं आणि त्याला २०२६-२७ ची मुदत आहे. वरून विचारणा होते, ती केंद्रप्रमुखांकडून आपल्याकडे येते आणि आपल्याकडून वहीत बसून आमच्या चुलीपर्यंत पोचते. त्यात आपल्याकडच्या कितीतरी शाळा दोनशिक्षकी. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी, वर पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं. आपल्यातले कितीतरी जण घाटावरून येऊन, घरदार लांब ठेवून इथे राहतात. तेव्हा आणखी एक काम वाढवा असं मी म्हणत नाहीये. उलट पानं तपासायचं काम कमी होईल.

पालकांचीही चूक आहे, ती सांगायलाच हवी. वहीत लाल शाई दिसली नाही की आम्हीच म्हणतो, “ह्या शाळेत काय शिकवणतच नाय.” शेजारच्या मुलाला इंग्रजी शाळेत रोज चार पानं अभ्यास असतो, मग आपल्याला का नाही, असं विचारायला आम्हीच शाळेत येतो. पटसंख्या टिकवायची म्हणून आपण अभ्यास देता, हेही मला कळतं. म्हणूनच पहिल्या पालकसभेत आपण हे सरळ सांगावं: पहिलीला लिहिण्याचा घरचा अभ्यास नाही, बोलण्याचा आहे. त्या सभेत मी आपल्या बाजूने उभी राहून बोलेन. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका असाव्या लागतात, शिक्षण हक्क कायद्यातच तसं आहे. त्या बायकांनी सभेत फक्त सह्या करून उठू नये, या विषयावर तोंड उघडावं.

आता बोलण्याचा अभ्यास म्हणजे काय, ते मला जसं सापडलं तसं सांगते.

मुलाला एकवीसच्या पुढचे आकडे लिहिताना सारखी गडबड व्हायची. पंचवीस म्हटलं की ५२ लिहायचा. बत्तीस म्हटलं की २३. मी रागावले, दहा-दहा वेळा लिहून घेतलं, तरी तेच. मग ऑक्टोबरात वादळाचा इशारा आला. सगळ्या होड्या बंदरात आल्या आणि त्याचे बाबा चार दिवस घरी होते. त्यांनी ते बघितलं. काही न बोलता माडाची एक झावळ ओढली, हीर काढले, वीतभर तुकडे केले आणि दहा-दहाच्या जुड्या जाळ्याच्या दोऱ्याने बांधल्या. मग मुलापुढे दोन जुड्या आणि पाच सुटे ठेवले. “मोज.” त्याने मोजले, पंचवीस. “आता लिही. जुड्यो किती?” त्याने २ लिहिला. “सुटे?” पुढे ५ लिहिला. थोडा वेळ गप्प बसून तो म्हणाला, “मगे पाच आधी कित्याक म्हणतत?”

मला त्या क्षणी समजलं की पोराचं चुकत नव्हतंच. आपल्या मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी आणि वीस मागून येतात, लिहिताना मात्र दोन आधी येतो. तो जे कानाने ऐकत होता ते इमानाने तसंच लिहीत होता. बाबांनी त्याला एका वाक्यात सांगितलं, “बोलताना सुटे आधी, लिवताना जुड्यो आधी.” चार दिवस ते हीर ओटीवर पडलेले होते. येता-जाता कुणीही विचारायचं, सदतीस कर, एकेचाळीस कर. त्यानंतर त्याचं क्वचितच चुकलं. दहा वेळा लिहून जे झालं नाही ते हिरांनी झालं. आणि करणारा माणूस सातवी शिकलेला, जन्मभर जाळी शिवणारा.

आपल्या वर्गात दशकांच्या काड्या असतातच. ‘या आठवड्यात आम्ही दहाच्या जुड्या करतोय’ एवढं जर आपण घरी कळवलंत, तर आमच्याकडे जुड्यांना तोटा नाही. सुपाऱ्या आहेत, काजूच्या बिया आहेत, एप्रिल-मेमध्ये आंबे आहेत. पेटी भरताना डझनावर मोजतात, बाजारात म्हावरं वाट्यावर विकतात. एका वाट्यात किती तारली, तीन वाटे घेतले तर किती, हे आमच्या मुली विकणाऱ्या आईशेजारी बसून करतातच. ते गणित आहे हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

अक्षरांचंही असंच आहे. सासूबाई पोरांना मांडीवर घेऊन ‘क कमळाचा, ख खटाऱ्याचा’ म्हणून घेतात, त्यांना तेवढं तोंडपाठ आहे. पण आता पुस्तकात अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने येत नाहीत, गटागटाने येतात, शब्द लवकर तयार व्हावेत म्हणून. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वर्गात एक चालायचं, घरी मी दुसरंच घोकून घ्यायचे आणि पोर मध्ये गोंधळायचं. ‘घ’ की ‘ध’, ‘भ’ की ‘म’, यात तर महिना गेला. आज वर्गात कुठली अक्षरं झाली एवढं जरी कळलं असतं, तरी मी तीच ताटातल्या तांदळात बोटाने काढून घेतली असती. आता धाकटीबरोबर तेच करते. भरतीने ओली झालेली पुळण आमच्या दारासमोर आहे. एवढी मोठी पाटी शहरातल्या मुलाला कुठे मिळणार! काठीने हातभर ‘ध’ काढला की त्याच्या डोक्यावरची रेघ कुठे तुटते ते पायाखाली दिसतं.

आणि भाषा. हे मला सगळ्यात जास्त लागलेलं आहे.

पहिलीत गेल्यावर पहिल्याच महिन्यात मुलाला वर्गात माशाचं चित्र दाखवलं. त्याने सांगितलं, “बांगडो.” उत्तर ‘मासा’ हवं होतं. “बांगडो नाही, मासा म्हणायचं,” असं त्याला दोन-तीनदा सांगितलं गेलं आणि पोरं हसली. कुणी दुष्टपणाने केलं नाही, मला माहीत आहे. पण घरी अखंड बडबडणारा पोरगा वर्गात दिवाळीपर्यंत गप्प होता. दिवाळीच्या आधी बाईंनी मला बोलावून विचारलं, “हा घरी बोलतो का?” मला रडू आलं. ज्याला बांगडा, पेडवे, तारली, सुंगटं, लेपी, मोरी सगळं वेगवेगळं ओळखता येतं, त्याला ‘मासा’ हा शब्द कमी पडला म्हणून तो मुका ठरला.

२०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी यावर राज्यभर रान पेटलं आणि २९ जूनला सरकारने त्याबद्दलचे निर्णय मागे घेतले. मी त्या बातम्या रोज वाचत होते. तिसऱ्या भाषेवर एवढं बोललं गेलं. आमची पोरं पहिली भाषा कुठली घेऊन शाळेत येतात, हे मात्र कुणाच्या बोलण्यात आलं नाही. ती मालवणी घेऊन येतात. रत्नागिरीकडे संगमेश्वरी घेऊन येतात, रायगड-पालघरच्या किनाऱ्यावर आगरी किंवा कोळी बोली. पुस्तकातली मराठी त्यांच्यासाठी जवळची असली तरी पहिल्या दिवशी थोडी परकीच असते, आणि त्याच वर्षी इंग्रजीही येऊन बसते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या, स्थानिक भाषेतून शिकवावं असं म्हटलंय. पुस्तकं मालवणीत छापा असं मी म्हणत नाही. पहिल्या सहा महिन्यांत पोर “खय” म्हणालं तर ते ऐकून घ्या, मग ‘कुठे’ हा शब्द त्याच्या शेजारी ठेवा. “माका” चालू दे, ‘मला’ हळूहळू येईल. आपल्याला मालवणी येत नसेल तर मुलांनाच विचारा. बाईंना एक शब्द शिकवायला मिळाला तर पोर दिवसभर तरंगत घरी येईल.

आमच्या घरात यातून एक चांगली सवय लागली आहे. संध्याकाळी दिवा लावला की सासूबाई धाकटीला जवळ घेतात, “आज शाळेत काय झाला ता माका सांग.” त्यांना वाचता येत नाही, म्हणून त्या कधी मध्येच चूक काढत नाहीत. नातीला पूर्ण सांगावं लागतं, कारण आजीला चित्र दिसलं तरी अक्षर कळत नाही. परवा तिने आजीला पुस्तकातलं एक पान ‘वाचून’ दाखवलं. निम्मं वाचलं, निम्मं मनाचं रचलं. पण बोट ओळीखालून डावीकडून उजवीकडे सरकत होतं. दारात उभी राहून मी ते बघितलं. मी शेजारी बसले असते तर सोळा चुका काढल्या असत्या आणि तिने पुस्तक मिटलं असतं. ज्या घरात कुणी शिकलेलं नाही तिथे अभ्यास कोण घेणार, असं आपण कधीकधी म्हणता. अशा घरात ऐकणारं माणूस असतंच. त्याला फक्त आपल्याकडून एवढं कळायला हवं की ऐकणं हाही अभ्यास आहे.

म्हणून माझी विनंती अशी. लांब मेसेज नको, पीडीएफ नको. शाळा सुटताना आपल्या आवाजातला अर्ध्या मिनिटाचा एक निरोप ग्रुपवर टाका: आज वर्गात अमुक अक्षर झालं, अमुक गोष्ट सांगितली, घरी मुलाला तेवढं विचारा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही तो ऐकता येईल. रेंजमध्ये आल्यावर ऐकू, उशीर झाला तरी चालेल, कारण त्यासाठी कुठे धावायचं नसेल. काही वस्तू मागवायची असेल तर आठवडा आधी सांगा आणि अशी मागा जी परड्यात, पुळणीवर किंवा चुलीजवळ मिळेल: शिंपले, हीर, पानं, सुपाऱ्या. थर्माकोल कृपा करून मागू नका, सजावटीच्या थर्माकोलला राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी पोरांच्या प्रकल्पांसाठी आम्ही तो शोधत फिरतो. आणि जे पोराने करायचं ते पोरानेच केलेलं वर्गात लावा, वाकडं असलं तरी. भिंतीवर आयांनी केलेले वीस सुंदर तक्ते लागले की ज्याच्या आईला वेळ नव्हता ते एक पोर मान खाली घालून बसतं.

आणखी एक. आपलं शाळेचं वर्ष जूनच्या मध्याला सुरू होतं आणि समुद्रावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. म्हणजे पोर पहिलीत बसतं तेव्हाचे पहिले सहा आठवडे, सगळ्यात नाजूक, किनाऱ्यावरच्या वाड्यांमधले बाप घरी असतात. पुढे वर्षभर ते असे मिळत नाहीत. आया मात्र या दिवसांत लावणीला कमरेइतक्या वाकलेल्या असतात, आणि शाळेच्या सभा मात्र आयांच्या नावावर बोलावल्या जातात, त्यासुद्धा दुपारी. या दोन महिन्यांत बापांना बोलवा. आनंददायी शनिवार हा शासनाचाच उपक्रम आहे, त्या दिवशी दप्तर नसतं. एखाद्या शनिवारी एक बाप जाळं घेऊन येईल, गाठ कशी मारतात ते दाखवेल, पोरं जाळ्याची घरं मोजतील. एखादी आजी मालवणीत गोष्ट सांगेल. आपण बाजूला बसून नुसतं बघा, कुठलं पोर किती बोलतंय ते. वर्षभर जे पोर तोंड उघडत नाही ते त्या दिवशी आपल्याला पुढे होऊन सांगताना दिसेल, कारण उभा राहून शिकवणारा माणूस त्याचा बाबा असेल.

बंदी उठायला आता तीन आठवडे उरलेत. होड्यांना रंग लावायचं काम सुरू झालंय, पण शनिवारी सकाळी वेळ निघतो. धाकटीच्या बाबांना मी विचारलं, आधी म्हणाले, “मी काय शिकवतलंय?” मग संध्याकाळी बघितलं तर ओटीवर बसून लाकडाची एक छोटी सुई तासत होते, जाळं शिवायची, पोरांच्या हाताला बसेल एवढी. आतापर्यंत सहा झाल्यात. वर्गात अकरा मुलं आहेत. शनिवार कळवा, तोवर उरलेल्या पाच होतील.

आपली,
पहिलीतल्या एका मुलीची आई
देवगड तालुका, सिंधुदुर्ग